शेवटचं पाणी कपाळावर

समजा, तुमच्यासमोर फळीवर एक बाई निजली आहे आणि तिला न्हाऊ घालायचं आहे. ती हात उचलणार नाही, कूस बदलणार नाही, डोळ्यांत साबण गेला तरी कुरकुरणार नाही. तुम्ही तिचं डोकं डाव्या तळहातावर तोलता, ओलं फडकं बोटाला गुंडाळून तोंडातून फिरवता, पोट हलक्या हाताने दाबून आतलं उरलंसुरलं बाहेर काढता. मग उजव्या खांद्यापासून पाणी. सगळ्यात शेवटी तिला उताणी करून कपाळावर एक तांब्या. ते पाणी कपाळावरून उतरलं की माणूस मोकळा झाला, असं आक्काच्या समाजात मानतात.

आक्काचा यात जन्म गेला. जोडीला धाकटी जाऊ. तिच्या जिभेला हाड नव्हतं. मेलेल्या बायकांशीही तिच्या गप्पा चालायच्या.

"आजी, आता डावी बगल हं. गुदगुल्या झाल्या तर सांगा."

"अगं, लाज बाळग जरा," आक्का दटावायची.

"का? त्या काय बाहेर जाऊन चुगली करणार आहेत?"

एकदा हात धुताना धाकटी म्हणाली, "जाऊबाई, मी आधी गेले तर गार पाणी घालू नका. मला लगेच सर्दी होते."

"मेल्यावर कसली गं सर्दी?"

"ते राहू दे. आधी शब्द द्या."

आक्काने दिला.

मग तापाची साथ आली. तापाने गेलेलं माणूस इस्पितळातून जाड काळ्या पिशवीत बंद होऊनच बाहेर येऊ लागलं. पिशवी उघडायची नाही, असा सरकारी हुकूम निघाला. समाज कोर्टात गेला. आमची माणसं आमच्या धर्माप्रमाणे न्हाऊ घालू द्या, एवढंच मागणं होतं. साक्षीला आक्का. प्रार्थनाघराच्या कारभाऱ्यांनी तिला बजावलं होतं, "पाणी ओततो, इतकंच सांगायचं. पाल्हाळ नको."

पण सरकारी वकिलाने विचारलं, "म्हणजे लांबून थोडं शिंपडलं की झालं तुमचं काम?"

आक्काला ते झोंबलं. उभ्या आयुष्यात तिने कुणाला असं उरकलं नव्हतं.

"शिंपडायला ती काय कुंडीतली रोपं आहेत, साहेब?" ती म्हणाली आणि सगळं सांगून मोकळी झाली. तोंडातलं फडकं, पोट दाबणं, त्यातून काय काय येतं, बाह्या कोपरापर्यंत कशा भिजतात. आधी लोक हसले, मग कुणी हसेना. मागच्या बाकावर धाकटीने कपाळाला हात लावला.

निकालात न्यायाधीशांनी तिचीच साक्ष धरली. श्रद्धेचं स्वातंत्र्य मोठं आहे, पण ते लोकांच्या आरोग्याच्या आड येऊ शकत नाही. या विधीत मृताच्या अंगातला स्राव हाताला लागतो, हे साक्षीदारानेच सांगितलं आहे. साथ असेपर्यंत मनाई कायम.

"आक्का, अख्ख्या समाजाच्या पायावर धोंडा पाडलात," कारभारी पायरीवरच कडाडले.

"मग काय शपथ घेऊन खोटं बोलायचं होतं त्यांनी?" धाकटी पुढे झाली. "तुम्हीच उभं राहायचं होतंत पिंजऱ्यात!"

न्यायाधीशांचं चुकलं, असं मात्र आक्काला छातीठोकपणे म्हणता येईना. पलीकडच्या वस्तीत हेच काम करणारी बाई एका प्रेताला न्हाऊ घालताना ताप घेऊन आली होती आणि त्यातच गेली.

साथ ओसरायच्या आधी धाकटीही गेली.

दफनभूमीत आक्का किटली घेऊन उभी होती. पाणी तिने कोपर बुडवून पाहिलं होतं, कोमट होतं. प्लास्टिकच्या झग्यातला माणूस ओरडला, "बाई, लांब व्हा!"

"उघडत नाही रे बाबा. वरून ओतू दे. कोर्टाने उघडू नका म्हटलंय, भिजवू नका असं नाही म्हटलेलं."

त्याने इकडेतिकडे पाहिलं. "हात लावू नका. आणि आटपा."

पिशवी दोन्ही टोकांना सारखीच. चिठ्ठी डकवलेल्या बाजूला डोकं असतं, असं त्याने सांगितलं. त्यावरून आक्काने अंदाजाने खांद्याची जागा ठरवली. "धाकटे, खांद्यावर ओततेय हं," ती म्हणाली. पुढची थट्टा तिला जमली नाही. पाणी प्लास्टिकवर ठरेना. थेंब गोळा होऊन घरंगळून मातीत जात होते. शेवटची धार तिने चिठ्ठीच्या बाजूला, कपाळ असेल तिथे धरली. किटली रिकामी झाली, पिशवी खाली उतरली, आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं.

"अरे, आत ती उताणी होती ना?"

"मला काय ठाऊक, बाई? आमच्याकडे बंदच येते."

साथ गेली, मनाई उठली. आक्का पुन्हा फळीपाशी उभी राहते, आता एकटीच. इस्पितळात ती दोनदा जाऊन आली. पिशव्या भरणारी माणसं बदलली होती. जो भेटेल त्याला ती तेच विचारते. कारभारी म्हणतात, देवाला सगळं कळतं. देवाला कळतं हे तिलाही मान्य आहे. पण न्हाऊ घालायचा शब्द तिने दिला होता, आणि तिला स्वतःला कळायला हवं आहे: ते कोमट पाणी धाकटीच्या कपाळाच्या बाजूने उतरलं, की मानेच्या मागून?