वळणाखालचा हातोडा

कामाच्या अकराव्या दिवशीही मुकादमाने पहिल्या तासात चौदा तुकडे बाजूला काढले.

"काका, आता यांत काय खोट आहे?" पुतण्याने विचारलं.

"यंत्राने कापलेत. कडा बघ, साबणाच्या वडीसारख्या. रस्ता असा फुटत नाही."

"गिऱ्हाइकाला गुळगुळीत आवडतं."

"मग त्याला साबण दे."

पुतण्या हसला आणि ते चौदा तुकडे परत घेऊन गेला. तो काकाशी वाद घालत नसे. घालायची गरजही नव्हती. दुपारी तेच तुकडे दुसऱ्या टोपलीतून टेबलावर यायचे, आणि दुपारी मुकादमाचे डोळे थकलेले असायचे.

देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा हा रस्ता शंभर वर्षांचा झाला होता. माणसाची शंभरी भरली की त्याला पोचवून येतात. रस्त्याची भरली तर त्याच्या नावाने दुकान निघालं. मैलाच्या दगडाच्या आकाराच्या किचेन, नकाशा छापलेले कप आणि रुमाल, पत्र्याचे इवलेसे ट्रक, सिमेंटचे पेपरवेट. पेपरवेटचा माथा चपटा होता. खऱ्या दगडाचा माथा गोल असतो, नाहीतर त्यावर पाणी साचून रंग उडतो. मुकादमाने हे पहिल्या दिवशीच सांगितलं. "काका, टेबलावर कुठे पाणी साचतंय?" असं उत्तर मिळालं.

सगळ्यांत जास्त खपायची ती पुठ्ठ्याची पेटी. तिला समोर काच, आत कापूस आणि कापसावर त्याच रस्त्याचा दोन इंची तुकडा. झाकणावर मुकादमाचा फोटो आणि खाली ओळ: 'तीस वर्षं या रस्त्यावर राबलेल्या मुकादमाने स्वतः पारखलेला.' त्याचं काम एवढंच. तुकडा बघायचा, ठोकून बघायचा, कापसावर ठेवायचा, चिठ्ठीवर सही करायची.

हे काम त्याला नको होतं. पण पुतण्याला त्याने कधी नाही म्हटलं नव्हतं. पोर चार वर्षांचं असताना त्याचा बाप गेला. बाप म्हणजे मुकादमाचा धाकटा भाऊ, त्याच्याच टोळीत कामाला. तेव्हापासून पोराची शाळा, आजारपण, लग्न, सगळीकडे मुकादम उभा राहिला. लोक म्हणायचे, काका असावा तर असा.

तुकडे यायचे ते दुकानामागच्या जुन्या वळणावरून. मुकादमाच्या टोळीने ते वळण तळापासून नव्याने बांधलं होतं. नवा सरळ रस्ता झाला तेव्हा ते वळण बाजूला पडलं. त्यावर गवत माजलं. ते खणायची परवानगी पुतण्याने रस्ते खात्याकडून मिळवली होती.

"अलीकडचं टोक संपलं," त्या दिवशी जेवताना पुतण्या म्हणाला. "गुरुवारपासून रस्त्याखालच्या मोरीकडच्या बाजूला मशीन लावतो."

मुकादमाचा घास हातातच राहिला.

"तिकडचं नको खणू."

"का?"

"माल चांगला नाही तिकडचा."

"काका, तुम्हीच तर म्हणालात, अख्ख्या वळणाला एकच खडी वापरली म्हणून."

मुकादम खोटं बोलण्यात कच्चा होता. आयुष्यात त्याने एकच मोठं खोटं पचवलं होतं, आणि तेही लिहून दिलेलं. तोंडाने बोलायची सवय नव्हती.

त्या टोळीची एक रीत होती. कामावर कुणी मेला तर त्याचा हातोडा पुढच्या सोलिंगमध्ये घालायचा, म्हणजे रस्त्याच्या तळाशी मोठे दगड रचतात त्यांच्या मधे. वरून खडी, मुरूम आणि रोलर. दांडा मात्र काढून घ्यायचा. लाकूड कुजतं, पोकळी होते आणि रस्ता बसतो. मेलेल्याच्या मायेपोटी रस्ता खराब करायचा नाही, एवढी अक्कल टोळीला होती. धाकटा गेला तेव्हा वळणाच्या एका टोकाला डांबर चाललं होतं आणि मोरीकडच्या टोकाला अजून सोलिंग. हातोडा मुकादमाने स्वतः ठेवला. मोरीपासून बावीस पावलं, वळणाच्या आतल्या अंगाला, कडेपासून हातभर. बायकामुलांना हे सांगायची रीत नव्हती.

मशीनला दगड काय आणि हातोडा काय. ते सगळंच उपसतं, चाळणीवर टाकतं, आणि जे विकण्यासारखं नाही ते खड्ड्यात ढकलतं.

बुधवारी त्याने पुतण्याला हातोड्याचं सांगितलं. तेवढंच, पुढचं नाही.

पुतण्याने खिडकीतून वळणाकडे पाहिलं. मग म्हणाला, "बाबांचा हातोडा? इथे? आणि मी रोज वरून गाडी घालतोय?"

"मशीन लावायच्या आधी काढू. हाताने."

सकाळी दोघं पहार आणि कुदळ घेऊन गेले. मुकादमाने मोरीपासून बावीस पावलं मोजली आणि पहार मारली. वरचं डांबर दोन बोटं जाड. खाली खडी, ती इतकी घट्ट की पहार वाजत होती. मुकादमाला त्याही वेळी बरं वाटलं. काम चोख झालं होतं. दीड तास खणून सोलिंग लागलं. दगड एकेक करून उचलले. हातोडा नव्हता.

"नक्की इथेच का, काका?"

मुकादम खड्ड्याच्या कडेवर बसला, स्वतःच्या पायांकडे बघत. "पावलं बावीसच आहेत," तो म्हणाला. "पाय तेव्हाचे नाहीत. पाऊल आखडलंय. पुढे सरक, दीड मीटर."

पुढचा दीड तास पुतण्याने एकट्याने खणलं. पहार धरायची त्याला माहीत नव्हती, हाताला फोड आले, पण तो थांबला नाही. दोन दगडांच्या मधे गंजाचा एक गोळा निघाला. त्याने तो शर्टाने पुसला. दांड्याचं भोक दिसलं तेव्हा तो रस्त्यातच खाली बसला आणि रडला. पस्तिशी उलटलेला माणूस, खांदे हलवत रडला. मुकादमाने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"हा विकणार नाही, काका," पुतण्या म्हणाला. "शपथ."

विकला नाही, हे खरं. शनिवारी दुकानाच्या दारासमोर काचेची पेटी आली. आत निळ्या मखमलीवर हातोडा, गंज काढून तेल लावलेला. शेजारी जाड कागदावर छापलेला मजकूर. पुतण्याने तो मोठ्या आवाजात वाचून दाखवला:

"'या रस्त्याच्या कामावर, उकळत्या डांबराच्या पिंपाशी, आपल्या सोबत्यांना वाचवताना ज्याने स्वतःचा जीव दिला, त्या शूर कामगाराचा हा हातोडा.' कसं वाटतंय?"

"कुणाला वाचवताना?"

"काका, असं लिहावं लागतं थोडं."

"कुणालाही वाचवलं नाही त्याने. त्यालाच कुणी वाचवलं नाही."

"बरं, मग काय लिहू? कागदोपत्री काय होतं? 'कामगाराच्या स्वतःच्या हलगर्जीपणामुळे.' ते लिहू? माझ्या बापाच्या पेटीवर?"

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मुकादम स्टुलावर बसला.

"तो हलगर्जी नव्हता," तो म्हणाला. "पिंप रात्रभर उघडं राहिलं होतं. डांबरात पाणी शिरलेलं. असं पिंप मंद आचेवर ठेवायचं, पाणी हळूहळू उडू द्यायचं. अर्धा-पाऊण तास जातो. दुपारी साहेब तपासणीला यायचे होते आणि माझं वळण व्हायचं होतं. तो म्हणाला, दादा, फसफसतंय, थांबू. मी म्हणालो, आच वाढव. त्याने वाढवली. मोठ्या भावाचं ऐकलं. डांबर फेसाळून वर आलं आणि त्याच्या छातीवरून उतरलं. हलगर्जीपणा मी लिहून दिला. खाली सही माझी."

पुतण्याने हातातला कागद टेबलावर ठेवला. तो गल्ल्यामागे जाऊन उभा राहिला, जणू मधे काहीतरी असलेलं बरं.

"त्या कागदामुळे आईला खात्यात नोकरी मिळाली नाही."

"हो."

"म्हणून तिने खडी फोडली."

"हो."

"आईला माहीत आहे?"

"नाही."

पुतण्या झाकणांच्या गठ्ठ्याकडे बघत राहिला. प्रत्येक झाकणावर मुकादमाचा फोटो होता. नवीन छापून आलेला मोठा गठ्ठा.

"मग मजकूर आहे तसाच राहू दे," तो शेवटी म्हणाला. "आणि तुम्ही आज घरी जा."

मुकादम घरी गेला नाही. तो धाकट्याच्या बायकोकडे गेला.

ती मुलाच्या घरामागच्या खोलीत राहायची. एकोणीस वर्षं खडी फोडून तिची बोटं वाकडी झाली होती, पण रिकामी बसायची नाही. पेट्यांत कापूस भरायचं काम तिच्याकडे होतं. खोलीत छतापर्यंत पेट्या रचलेल्या.

"या भाऊजी. त्या गठ्ठ्यावर नका बसू, तुमचंच तोंड दबेल."

तो जमिनीवर बसला आणि त्याने सांगितलं. दुकानात सांगितलं तेवढंच, त्याच क्रमाने. ती कापूस पिंजत राहिली. त्याचं सांगून झालं तेव्हा तिने तीन पेट्या भरून बाजूला ठेवल्या होत्या.

"रोलरवाल्याने सांगितलं होतं मला," ती म्हणाली. "दुसऱ्याच आठवड्यात."

मुकादमाने मान वर केली. "मग तू बोलली का नाहीस?"

"मी काय बोलायचं? आच मी वाढवायला लावली होती का?"

"तसं नाही..."

"एकोणीस वर्षं तुमच्या हजेरीला उभी राहिले. रोज सकाळी वाटायचं, आज सांगतील. तुम्ही सांगायचात, खडी मोठी आहे, पुन्हा फोड. मी फोडायचे. मग वाटायचं, पोराच्या लग्नात सांगतील. लग्नात तुम्ही पंगत वाढत होतात. लोक म्हणायचे, दीर असावा तर असा. मी मान हलवायचे. मान दुखायची हो, भाऊजी."

"मला वाटलं, सांगून आता काय होणार."

"काय होणार ते मला ठरवू द्यायचं होतं."

तिने चौथी पेटी घेतली. झाकणावरच्या फोटोवर अंगठा टेकवून काच नीट बसवली.

"आज का आलात? हातोडा निघाला म्हणून. नसता निघाला तर?"

याचं उत्तर त्याला माहीत होतं, तिलाही. त्याने विषय बदलला. "पोराला सांग, तो मजकूर बदल म्हणून. तुझं ऐकेल."

"काय लिहिलंय?"

त्याने सांगितलं. शूर कामगार, सोबत्यांना वाचवताना, सगळं.

"छान आहे. राहू दे."

"खोटं आहे ते."

"एक खोटं तुम्ही लिहिलंत, ते मी पचवलं. हे तुम्ही पचवा." तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर त्याला सोपं गेलं असतं. "आणि सोमवारी कामावर जा. झाकणावर तुमचं तोंड आहे, टेबलाशी तुम्ही नसलात तर लोक विचारतील. त्या पोराच्या पोटावर एकदा पाय दिलात, पुन्हा नको."

ती उठली, भरलेल्या पेट्या त्याच्या हातात दिल्या. "जाताना या दुकानात टाका. तेवढी माझी खेप वाचेल."

सोमवारी तो नऊला टेबलाशी बसला. पुतण्याने नमस्कार केला, चहा आणून ठेवला आणि कामाला लागला. त्याने 'काका' म्हटलं नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. गिऱ्हाइकांसमोर तो 'आमचे मुकादम' म्हणायचा.

दुपारी एक जोडपं आलं. दोघांनी काचेच्या पेटीसमोर उभं राहून मजकूर वाचला, बायकोने फोटो काढला.

"हे तुमच्याबरोबर काम करायचे?" नवऱ्याने विचारलं.

"माझा भाऊ."

"अरे वा. केवढा अभिमान वाटत असेल तुम्हाला."

पुतण्या गल्ल्यावरून बघत होता. मुकादमाने तुकडा खाली ठेवला.

"पिंपात पाणी होतं," तो म्हणाला. "मी म्हणालो, आच वाढव."

माणसाने बायकोकडे पाहिलं. म्हातारी माणसं बोलू लागली की तरणी माणसं हलवतात तशी तिने मान हलवली. "त्या काळी सोयीच नव्हत्या हो कसल्या," ती म्हणाली.

"सोय होती. अर्धा तास थांबायचं, बस."

"तेच तर. काय कष्ट केलेत तुम्ही लोकांनी." नवऱ्याने ढिगातली एक पेटी उचलली होती. "यावर आमच्या मुलाचं नाव घालून द्याल? त्याला फार कौतुक आहे गाड्यांचं."

मुकादमाने नाव विचारून घेतलं, चिठ्ठीवर सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि खाली सही केली.