सोनपेठपुढचं शून्य

पुण्याहून निघताना माझ्या पिशवीत संगणकाने छापलेली लांबलचक यादी होती आणि डोक्यात राग. मेंढ्यांच्या देवी रोगाची लस कुठल्या दवाखान्याला किती आणि कधी पाठवायची, हे आमच्या लस केंद्रात आता संगणकावर ठरत होतं, आणि ते गणित माझं होतं. परभणी जिल्ह्यातलं सोनपेठ दरवर्षी लस न वापरताच परत पाठवायचं. म्हणून यंदा त्याच्यापुढे शून्य. तर तिथल्या कंपाउंडरचं पत्र आलं, "लस बंद करू नका, मेंढरं मरतील." वापरायची नाही आणि बंदही करायची नाही! सोक्षमोक्ष लावायचाच म्हणून मी निघाले.

मनमाडला गाडी बदलून सकाळी परभणीत उतरले. स्टेशनबाहेर धपाटे (ज्वारीच्या पिठाची तिखट थालीपिठं) आणि दही खाल्लं. नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तरी आणखी एक मागितलं. सोनपेठच्या एस.टी.त शेजारच्या बाईंच्या कोंबडीने माझ्या यादीला दोन भोकं पाडली. बाहेर काळ्या रानात कापूस फुटू लागला होता.

कंपाउंडर माणिकराव जनावरांच्या दवाखान्यातच भेटले. मी यादी उघडली. त्यांनी शांतपणे आपलं रजिस्टर उघडलं.

"म्याडम, लस किती आली ते तुमी बघितलं. कवा आली ते बघा की."

तारखेचा रकाना मी संगणकात घेतलाच नव्हता, उगीच जागा खातो म्हणून. पाऊस सरला, की इथले मेंढपाळ परमुलखात निघतात. शेतात रात्रभर मेंढरं बसवायची, खत पडतं, बदल्यात शेतकरी ज्वारी देतो. लस पोचायची ते गेल्यावर. एका वर्षी ट्रक उशिरा आला, लस परत गेली. परत पाठवणाऱ्यांना शेवटी द्यायचं, हा नियम माझाच. मग दरवर्षी आणखी उशीर, दरवर्षी परत. मी यादीची घडी घातली.

"अजून कोणी आहे का गावात?"

"एकच कळप ऱ्हायलाय. भागाबाईचा. उद्या निघायलेत."

ओढ्याकाठी भागाबाई घोड्यावर लादायचं सामान बांधत होत्या. गेल्या साली वाटेत देवी येऊन त्यांची निम्मी कोकरं गेली होती. मी म्हटलं, "मावशी, एक दिवस थांबा. मी लस आणते."

"थांबलं तर पुढला शेतकरी दुसऱ्याचा कळप बसवतोय. ज्वारी जाती आमची. आन तुजी लस न्हाई आली तर?"

खोटं बोलवेना. "मावशी, लस उशिरा येत होती ती माझ्यामुळे. यादी मी करते."

त्यांनी बांधलेली दोरी सोडली. "जिचं चुकलंय तीच पळंल. उद्या दिस बुडंपत्तूर थांबते."

पोस्टातून पुण्याला ट्रंककॉल लावला. साहेब म्हणाले, "यादीत सोनपेठ शून्य आहे."

"यादी मी केली, साहेब, आणि ती चुकली आहे. परभणीच्या साठ्यातून पेटी द्या, नाहीतर मी उद्या तिथे जाऊन बसते, हलत नाही."

साहेब बराच वेळ कुरकुरले आणि हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने परभणी गाठली. पेटी मिळाली, बर्फाच्या कारखान्यातून बर्फ घेतला, वर लाकडाचा भुसा. पण गावात विद्यापीठाच्या नामांतराचा मोर्चा होता, गाड्या थांबलेल्या. पेटीखालून पाणी ठिबकू लागलं. मी आणखी बर्फ आणला, पेटीवर ओला टॉवेल टाकला आणि एस.टी. स्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीसमोरच बसले. त्यांनी कंटाळून मला सुटणाऱ्या पहिल्या गाडीत बसवलं.

सोनपेठला उतरले तेव्हा ऊन कललं होतं. सामान लादलेलं, पण कळप जागेवर! मला रडूच आलं. भागाबाईंनी लगेच एक मेंढी पुढे ढकलली. "रडतीस काय? पाय धर, घट्ट." माणिकराव टोचत गेले, मी धरत गेले. अंधार पडायच्या आत शेवटची मेंढी झाली आणि कळप निघून गेला.

परतीच्या गाडीत साडीला मेंढरांचा वास येत होता आणि समोरचे गृहस्थ हळूच सरकून बसले. मी यादी मांडीवर पसरून तारखांचा रकाना आखला. गेल्या साली मेलेली कोकरं मात्र तिच्यात कुठेच नव्हती. माझ्या हिशेबात ती कोकरं म्हणजे सोनपेठला न लागलेली, परत आलेली लस होती.