शनिवारपर्यंतच्या सह्या

जिनात काम करणाऱ्या प्रत्येकाला आगीची भीती असते. कापसातून सरकी काढायचा कारखाना तो. सगळीकडे रुईचे तंतू उडत असतात, एखादी ठिणगी पडली की संपलं. ती भीती मलाही होती. पण गेली आठ-नऊ वर्षं जी भीती मी सोबत वागवली ती या आगीची नव्हे. तिच्याबद्दल बायकोजवळही कधी बोललो नाही. मी मुळातच कमी बोलणारा, त्यामुळे कुणाला वेगळं काही जाणवलं नाही.

अकोल्याच्या आमच्या जिनात मी कारकून होतो. मालकांचं दुसरं जिन अमरावतीला होतं. दोन्हीकडचा कारभार एकसारखा व्हावा म्हणून त्यांनी मुंबईहून एका साहेबांना बोलावलं. साहेब सडपातळ होते, आवाज मऊ. पहिल्याच दिवशी त्यांनी मॅनेजरसाहेबांना विचारलं, "आवारात कापसाच्या गंज्या किती आहेत आणि कुठली आधी आली, हे कुणाला माहीत आहे?"

मॅनेजर म्हणाले, "मुकादमाला."

"आणि तो उद्या मेला तर?"

मॅनेजर हसले. साहेब हसले नाहीत. म्हणाले, "धंदा माणसाच्या डोक्यात ठेवायचा नसतो. कार्डावर ठेवायचा."

कार्डं आखायचं काम माझ्याकडे आलं. प्रत्येक गंजीला एक नंबर, प्रत्येक नंबराला एक जाड पिवळं कार्ड. त्यावर गाड्या कधी आल्या, माल कुठल्या गावचा, आणि खाली रोजच्या तपासणीचे चौकोन. तपासलं की 'ठीक' लिहायचं आणि शेजारी मुकादमाची सही. गंजी हलवायची तर छापील चिठ्ठी भरायची, तिच्यावर मॅनेजरांची सही घ्यायची. माणसांचीही कार्डं केली. लाकडी खणांचं नवं कपाट आलं आणि त्याची किल्ली माझ्याकडे. मला फार अभिमान वाटला, हे कबूल करतो.

आता मुकादमांविषयी. वय पन्नाशीच्या आसपास, काळेभोर, खांदे रुंद. हमाल म्हणून लागले आणि वीस सीझन काढून मुकादम झाले. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यानंतर त्यांच्या वस्तीत संध्याकाळचा वर्ग सुरू झाला, तिथे ते या वयात लिहायला शिकले होते. गंजी तपासायची त्यांची एक रीत होती. प्रत्येक गंजीत एक लांब लोखंडी सळई खुपसलेली असायची. सकाळी आणि दुपारी ते ती ओढून काढत आणि तिचं टोक गालाला लावत. ओला कापूस दाबून रचला की आतून तापतो. धूर दिसायच्या किती तरी आधी सळईला कळतं. टोक गरम लागलं की ते तिथल्या तिथे ओरडत, "पलटी मारा वं बायाहो!" आणि कामाला असलेल्या बाया गंजी उपसून कापूस मोकळा करत.

माझ्या कार्डावर सळईला जागाच नव्हती. आणि सहीचा चौकोन मी बोटाच्या पेराएवढा आखला होता.

मुकादम सही करत ती पूर्ण नावाची. स्वतःचं, वडलांचं, मग आडनाव, एकेक अक्षर कोरून. ती त्या चौकोनात मावायची नाही. सोमवारची सही बुधवारपर्यंत जायची. साहेबांनी कार्ड पाहिलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "हे असं चालणार नाही." मॅनेजरांसमोर म्हणाले. माझे कान तापले. मी मुकादमांना सांगितलं, "मुकादम, नुसतं पहिलं अक्षर काढा."

"काहून? नाव हाय ना मले पुरं."

"जागा नाही हो."

"मंग जागा मोठी करा, बाबू. कार्डं तुमीच आखली ना?"

शेजारच्या बाया खो खो हसल्या. कार्डं छापून आली होती, बदलणं माझ्या हातात नव्हतं, निदान तसं मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून मुकादम तोंडाने सांगत आणि मी त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर काढत असे. त्यांना ते आवडलं नव्हतं. "सही मायी अन् हात तुमचा," असं एकदा म्हणाले.

त्या वर्षी ऐन हिवाळ्यात दोन दिवस झिमझिम पाऊस झाला. हिवरखेडकडच्या गाड्या भिजत आल्या. पूर्वी मुकादम असा माल बाजूला पसरायला लावत. आता गाडी आली की नंबरानं लावायची होती. मॅनेजर म्हणाले, कार्डात असेल तसं करा. तो माल तिसऱ्या नंबरच्या गंजीत गेला.

साहेब परत तपासणीला येणार होते, शनिवारी. मी घाबरलो होतो. माझी कार्डं मागे पडली होती, कारण मुकादम दिवसभर आवारात आणि मी टेबलाशी. मंगळवारी दुपारी बसून मी सगळी कार्डं शनिवारपर्यंत भरून टाकली. बुधवार ठीक, गुरुवार ठीक, शुक्रवार ठीक, शनिवार ठीक. शेजारी मुकादमांच्या नावाचं पहिलं अक्षर. गंज्या कुठे पळून जाणार आहेत, असं तेव्हा मनात आल्याचं आठवतं.

गुरुवारी सकाळी मुकादम माझ्या टेबलाशी आले. आत यायच्या आधी ते दारात थांबत, त्या दिवशी थांबले नाहीत.

"बाबू, तीन नंबरले ताप आला हाय. आत्ता उलटवा लागते."

गुरुवारी गंजी उलटवली तर कार्डावर ते लिहावं लागणार. आणि कार्डावर तर गुरुवार, शुक्रवार, शनिवार, सगळं ठीक होतं. शाईत. साहेब विचारणार, हे आधीच कुणी भरलं?

मी म्हणालो, "चिठ्ठी लागेल. मॅनेजरसाहेब आज अमरावतीला गेलेत. उद्या येतील."

"चिठ्ठी येईतवर थे दम धरन काय? हात लावून पाहा, मी काय गंमत करून राहिलो?"

"मुकादम, आता नियम आहे. तुम्ही परस्पर हलवलंत तर तुमच्यावर येईल."

पूर्वी त्यांनी विचारलंही नसतं. पण आदल्याच आठवड्यात एक गंजी विनाचिठ्ठी हलवली म्हणून मॅनेजरांनी त्यांना सगळ्यांसमोर झापलं होतं. ते वळले आणि गेले. मी कार्ड काढून परत पाहिलं, जणू त्यातला गुरुवार आपोआप कोरा झाला असेल.

शुक्रवारी दुपारी वास आला. कापूस भसकन पेटत नाही, तो आतल्या आत जळत जातो, आणि त्याचा वास जुन्या गोधडीला इस्त्री लागल्यासारखा असतो. मी टेबलावरून उठलो तोवर बाहेर आरडाओरडा सुरू झाला होता. बाया पाण्याच्या बादल्या घेऊन धावत होत्या. मुकादम गंजीवर चढून दोन्ही हातांनी काळा पडलेला कापूस उपसत होते. त्यांच्या हातांवरचे केस जळून गेले. शेजारच्या गंज्या वाचल्या. तिसरी गेली.

शनिवारी साहेब आले. मॅनेजरांच्या खोलीत मुकादमांना बोलावलं. मीही होतो. टेबलावर तिसऱ्या नंबरचं कार्ड.

"शुक्रवारी ठीक," मॅनेजर म्हणाले. "वर आजही ठीक! गंजीची राख झाली आणि आज ठीक? बसल्या जागी भरत होतास काय रे?"

आमच्याहून वयाने मोठे होते मुकादम. मॅनेजर मला 'अहो' म्हणत.

मुकादमांनी कार्ड हातात घेतलं, वाचलं. ते वाचू शकतात हे मॅनेजरांना ठाऊक नसावं. म्हणाले, "अक्षर मायं नाई."

"मग कुणाचं?"

मुकादमांनी माझ्याकडे बघितलं आणि वाट पाहिली. मी बोलेन असं त्यांना खरंच वाटलं होतं. ती नजर अजून जात नाही.

"बाबूले इचारा," शेवटी म्हणाले.

मॅनेजर माझ्याकडे वळले. "काय हो?"

मी म्हणालो, "तपासणी रोज त्यांचीच असते, साहेब."

यातला एक शब्दही खोटा नव्हता. इतकी वर्षं मी स्वतःला तेच सांगत आलो. आणि त्या चार-पाच शब्दांनी मी त्या माणसाचे वीस सीझन संपवले. साहेबांनी मान डोलावली. पद्धत बरोबर होती, माणूस चुकला, असं ठरलं. दुपारी मीच मुकादमांचं कार्ड काढलं आणि कामावरून कमी करण्याच्या कारणापुढे लिहिलं: हलगर्जीपणा. वऱ्हाडात जिनवाले एकमेकांना विचारूनच मुकादम ठेवतात. कुणी विचारलं की आमच्याकडून कार्ड वाचून दाखवलं जाई. त्यांना पुन्हा कुठे मुकादमी मिळाली नाही.

मला अमरावतीला पाठवलं, तिथे कार्डपद्धत बसवायला. पगार वाढला. आणि भीतीने तिथेच मला धरलं. ऑफिसच्या पायऱ्यांवर जड पाऊल वाजलं की मी खण उघडून काही तरी शोधू लागे. बडनेऱ्याला गाडी बदलताना हमालांकडे न बघता चालायचो. बायको विचारी, "कपडे हुंगता कशाला सारखे?" मी म्हणे, "घामाचा वास येतोय का बघतो."

गेल्या वर्षी कामासाठी चांदूर रेल्वेला उतरलो. मालधक्क्यावर काही माणसं पोती उचलत होती. त्यातल्या एकाने पोतं खाली ठेवलं आणि कंबर सरळ केली. मी ओळखलं. पळून जावंसं वाटलं, पण त्यांनीही मला पाहिलं होतं.

"बाबू," ते म्हणाले. "चांगले जाडे झाले."

"मुकादम..."

"मुकादम कोन? हमाल म्हना."

मी तिथेच सगळं बोलून टाकलं. मंगळवारची दुपार, शाई, मॅनेजर, सगळं. ते गमछ्याने मान पुसत ऐकत राहिले. मी म्हणालो, "काय करू सांगा."

"मले कायले सांगता? मले तं मालूमच हाय." मग म्हणाले, "अकोल्याच्या गेटावर म्हना. सीझनच्या पयल्या दिवशी, समदे असतात तवा. मी येतो."

तो दिवस यायला चार महिने होते. त्या चार महिन्यांत मला झोप अशी लागली नाही. दोनदा न जाण्याचं कारण तयार केलं. शेवटी गेलो. गेटासमोर बायामाणसं कामासाठी नावं नोंदवायला उभी होती. मुकादम आलेले होते, धुतलेला सदरा घालून, एका बाजूला. मी ओट्यावर चढलो. पहिलं वाक्य कुणालाच ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणालो. तिसऱ्या नंबरची कार्डं मी भरली होती. गुरुवारी यांनी मला सांगितलं होतं. मी गप्प बसलो.

मग पुढे उभी असलेली एक म्हातारी बाई म्हणाली, "हे तं आमाले तवाच मालूम होतं ना, बापा. लिवनारे तुमी, वाचनारेई तुमी. आमाले कोन इचारते?"

आठ वर्षं मी उघडकीला यायला घाबरत होतो, आणि आवारातल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं.

मुकादम पुढे आले. "मायं कार्ड आना."

मी आत जाऊन तिथल्या नव्या कारकुनाकडून किल्ली घेतली आणि कपाटातून कार्ड आणलं. 'हलगर्जीपणा' खोडला आणि खाली काय घडलं ते दोन ओळींत लिहून सही केली, पुऱ्या नावाची. तोवर मॅनेजर बाहेर आले होते. "हे बदलायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?"

"शनिवारपर्यंतची कार्डं भरली तेव्हाही कुणी दिला नव्हता," मी म्हणालो.

मुकादमांनी कार्ड घेतलं आणि ओळींखाली बोट फिरवत सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. सावकाश, अडखळत, शेवटच्या अक्षरापर्यंत. मग ते माझ्या हातात परत दिलं आणि कुणाला तरी विचारलं, चांदूरची गाडी कितीले हाय. माझ्याशी बोलले नाहीत.

माझी नोकरी त्याच आठवड्यात गेली. सध्या अमरावतीतच एका शाळेत हजेऱ्या लिहितो. चांदूरच्या एका जिनवाल्याने यंदा त्यांना बोलावलं, मुकादम म्हणून, असं कानावर आलं. खरं आहे का ते जाऊन बघता येईल, गाडीने तासाभराचाच रस्ता. अजून गेलो नाही. खरं नसलं तर काय, याची भीती वाटते.