वहिनीचं त्राटक

माझी वहिनी एका जागी बसेल तर शपथ. पायाला भिंगरीच लागलेली. आणि या बाईनं काम पत्करलं ते कोणतं, तर नकली डोळे रंगवायचं. ज्यांचा एक डोळा गेला, त्यांच्या उरलेल्या डोळ्याला जुळेल असा. नखाएवढ्या गोलावर केसासारख्या रेघा ओढायच्या. दोन रेघा झाल्या की ही उठते, नळ बंद आहे का बघते, खिडकी उघडते, परत लावते. चहा टाकते आणि विसरते.

मी योग शिकवते. कलाकारांचं मन त्यानं एकाग्र होतं, नवं सुचतं, असं मी सगळ्यांना सांगते आणि ते खरंही आहे. म्हणून वहिनीला वर्गात ओढून नेलं. तिनं माझ्या नाकीनऊ आणले. शवासनात तिची बोटं मांडीवर रेघा ओढत. त्राटकाला बसवलं, म्हणजे मेणबत्तीच्या ज्योतीकडे पापणी न हलवता बघत राहायचं, तर म्हणाली, "हिची वात वाकडी आहे गं." मी हात टेकले.

तशात एका शिक्षिकेनं लागोपाठ दोन डोळे परत केले. अपघातात त्यांचा डावा डोळा गेला होता आणि आता पुन्हा वर्गावर उभं राहायचं होतं. "छान आहेत, पण माझे नाहीत," म्हणाल्या. पुढचाही जमला नाही तर काळा चष्मा लावून घरीच बसणार होत्या.

"या खेपेला बिनसलं तर मी हे काम सोडलं," वहिनी म्हणाली.

मला रागच आला. "बिनसणारच! तू त्यांच्याकडे बघतेस कुठे? नजर टाकली की पळालीस."

ती थबकली. "बघवत नाही गं मला. ती रिकामी खोबण दिसते. वाटतं, मी बघितलं तर त्यांना लाज वाटेल."

म्हणजे निदान इथं तरी तो चंचलपणा नव्हता. बाई घाबरत होती. मला वाईट वाटलं.

शिक्षिकाबाई आल्या तेव्हा वहिनीनं खुर्ची त्यांच्या अगदी जवळ ओढली. "आज मी जरा वेळ नुसती बघणार आहे. चालेल?"

त्यांनी चष्मा काढला. वहिनीनं लांब श्वास सोडला आणि आधी खोबणीकडे, मग उजव्या डोळ्याकडे बघितलं. तिचा पाय हलत होता, बोटं ब्रशशी चाळा करत होती, पण नजर हलली नाही. तिच्या गालांवरून पाणी ओघळलं, त्राटकात ओघळतंच. शिक्षिकाबाई कावऱ्याबावऱ्या झाल्या. खाली बघितलं, भिंतीकडे बघितलं, शेवटी तिच्याकडेच बघत बसल्या.

नवा डोळा तयार झाला आणि तो बघून मला धसकाच बसला. आधीचे दोन कसे टपोरे, ताजेतवाने. याच्या पांढऱ्यात पिवळट झाक होती, आणि शिरांसाठी लाल रेशमाचे तंतू जरा जास्तच लावले होते.

"अगं, हा परत आलाच म्हणून समज," मी म्हटलं.

"येऊ दे," म्हणत ती खोलीभर येरझारा घालत राहिली.

शिक्षिकाबाईंनी तो तळहातावर घेतला. "फार रडलेला दिसतो हा."

वहिनीच्या येरझारा थांबल्या. "तुमचा उजवाही तसाच आहे. मी त्याला बघूनच हा काढला."

बाईंनी आरसा उचलला. उजवा डोळा त्यात बराच वेळ बघितला.

"घरी सगळे म्हणतात, मी सावरले," त्या म्हणाल्या. मग तळहात वहिनीपुढे धरला. "बसवा."