पहिल्या रांगेतली रेस

नाटक बघायचं तर पहिल्या रांगेत बसून, हा आमच्या घराण्याचा नियम. नटाच्या कपाळावरचा घाम दिसला नाही तर नाटक पाहिलंच नाही, असं माझी मावशी मानते आणि मी तिचाच भाचा. त्यामुळे दोन हजार चारच्या उन्हाळ्यात मिशिगनमधल्या एका लंबगोल ट्रॅकवरच्या मोटारींच्या रेसची तिकिटं काढायची वेळ आली, तेव्हा मी कॉम्प्युटरवर खुर्च्यांचा नकाशा उघडला आणि क्षणभरही विचार न करता पहिल्या रांगेवर बोट ठेवलं. अगदी मधोमध. शिवाय ती रांग सगळ्यात स्वस्त होती. दुसऱ्या कुणालाही इथे शंका आली असती. मला वाटलं, या लोकांना रांगांमधलं काही कळत नाही, तेवढाच आपला फायदा.

आता, आम्ही रेसला निघालोच का, हे सांगायला हवं. आम्ही तेव्हा मिशिगनमधल्याच ट्रॉय नावाच्या गावात राहत होतो. माझी बायको इंजिनिअर. इंजिनातल्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत ती नोकरी करायची आणि मी तिच्या व्हिसाला लटकून घरी पोळ्या करायचो, मंडळाची नाटकं बसवायचो आणि अतिशय सुखात होतो. वर्षभर ती एकाच स्प्रिंगेवर काम करत होती. रेसच्या गाडीचं इंजिन मिनिटाला हजारो वेळा फिरतं, त्याच्या निम्म्या वेळा ही स्प्रिंग दाबली जाते आणि सुटते. ती तुटली की खेळ खलास. आधीच्या रेसमध्ये ती तुटली होती. म्हणून तिच्या साहेबाने रेसच्या आधीच्या शुक्रवारी सांगितलं होतं, "रविवारी आपल्या स्प्रिंगांची गाडी शेवटपर्यंत धावली तर हे काम चालू ठेवू. नाहीतर बंद करू." काम बंद म्हणजे नोकरी बंद, नोकरी बंद म्हणजे व्हिसा बंद, आणि मग आम्ही तिघंही, म्हणजे पाहुणी आलेली मावशी धरून, एकाच विमानाने परत.

"जिंकायला नको," बायको गाडीत म्हणाली. "शेवटची आली तरी चालेल. फक्त पोचायला हवी."

"माझी पण हीच अपेक्षा असायची तुझ्या नवऱ्याकडून, शाळेत असताना," मागच्या सीटवरून मावशी म्हणाली.

मक्याच्या शेतांमधून रस्ता होता आणि शेवटचे काही मैल आम्ही गाड्यांच्या रांगेत मुंगीच्या पावलाने गेलो. दोन्ही बाजूंना माळावर घरांएवढ्या गाड्या लावून लोक राहायलाच आले होते. झेंडे, शेगड्या, भाजलेल्या मांसाचा धूर. मावशीने कानात कापूस घालून वरून स्कार्फ बांधला होता. "जत्रा आहे रे ही," ती आनंदाने म्हणाली, "फक्त देव कुठे दिसत नाही."

आम्ही दारात तिकिटं दाखवली आणि खाली खाली उतरत गेलो. लोक वर चढत होते, आम्ही तेवढे खाली. एका रखवालदाराने तिकीट पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, मावशीच्या साडीकडे पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाला, "एंजॉय." आमच्या पुढे लोखंडी जाळी होती, जाळीपुढे सिमेंटची भिंत आणि भिंतीपुढे ट्रॅक. ट्रॅकच्या मधल्या मैदानात मोठमोठे ट्रक उभे होते, त्यामुळे पलीकडची बाजू अजिबात दिसत नव्हती. आमच्या आसपासच्या खुर्च्या बऱ्याचशा रिकाम्या होत्या. वर, आभाळाला टेकलेल्या रांगांमध्ये मात्र मुंगी शिरायला जागा नव्हती. तिथून पूर्ण ट्रॅक ताटासारखा दिसतो, हे मला त्या क्षणी कळलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं.

"घाम दिसेल," मी म्हणालो.

"कुणाचा?"

सुरुवातीचा हिरवा झेंडा हलला आणि गाड्यांचा सगळा कळप आमच्या अंगावरून गेला. दुसरा शब्द नाही. आवाज कानातून नव्हे, छातीतून आत शिरला. जाळी थरथरली, रबराचे काळे कण आमच्या मांडीवर पडले आणि पुढच्या क्षणी समोर रिकामा रस्ता आणि पेट्रोलचा वास. बायकोच्या स्प्रिंगा असलेली गाडी पोपटी रंगाची होती, म्हणून मावशीने तिचं नाव पोपट ठेवलं. त्या घोळक्यात आम्हाला पोपट दिसलाही नाही.

"हे काय? आला आणि गेला?" मावशी म्हणाली. "वाक्य तरी घ्यायचं एखादं."

मग पाऊण मिनिट काहीच नाही. गाड्या ट्रक्सच्या पलीकडे कुठेतरी धावत होत्या, नुसती घरघर ऐकू येत होती. वरच्या लोकांना प्रत्येक गाडी सतत दिसत होती. आमची मात्र प्रत्येक फेरीला विंगेत जायची आणि ती पुन्हा एंट्री घेईल की नाही, याची कसलीच खात्री नसायची. बायको दोन्ही हातांनी जाळीच्या अलीकडचा दांडा धरून डावीकडे बघत बसली. पोपटी ठिपका दिसला की मावशी म्हणायची, "आला." गेला की बायको श्वास सोडायची. मग पुन्हा डावीकडे बघणं.

असा बराच वेळ गेला. खरं सांगतो, पहिल्या धक्क्यानंतर ते फार शांत होतं. ऊन होतं, वारा होता, तिखटमिठाच्या पुऱ्या होत्या. गर्जना यायची, जायची आणि मधल्या वेळात आम्ही पुरी खायचो. बायको सोडून.

आमच्या मागच्या रांगेत एक आडदांड म्हातारा एकटाच बसला होता. टोपीवर, शर्टावर आणि पाण्याच्या बाटलीवर एकाच ड्रायव्हरचं चित्र. कानावर मोठे हेडफोन होते. त्यावर ड्रायव्हर आणि त्याच्या माणसांचं रेडिओवरचं बोलणं ऐकता येतं, हे त्यानेच सांगितलं. मावशीने त्याला पुरी दिली होती, तेव्हापासून तो आमचा होता.

"तुम्ही कुणासाठी आलात?" त्याने विचारलं.

मी पोपटाच्या ड्रायव्हरचं नाव घेतलं. त्याने असा चेहरा केला, जसा आपण एखाद्याच्या मुलाची दहावी तिसऱ्यांदा हुकल्यावर करतो. मग मी स्प्रिंगेची गोष्ट सांगितली. साहेब, शुक्रवार, व्हिसा, सगळं, हातवारे करून. त्याने बायकोच्या पाठीकडे पाहिलं. मग त्याने रेडिओची कळ फिरवली आणि हेडफोन काढून तिच्यापुढे धरले. "मॅम, हे त्यांचं चॅनेल."

तिने ते कानाला लावले. एक फेरी झाली, दुसरी झाली. मग तिचा चेहरा उतरला.

"काय म्हणतोय?"

"गाडी थरथरतेय म्हणतोय."

"म्हणजे स्प्रिंग?"

"असू शकते. चाक पण असू शकतं. त्यालाच कळत नाहीये." तिने हेडफोन काढून म्हाताऱ्याला परत दिले. "मला नाही ऐकायचं. मी बघते."

"मॅम, मी ऐकतो," तो म्हणाला. "तुम्ही बघा."

पुढच्या फेरीला पोपट आला नाही. सगळे रंग गेले, पोपटी गेलाच नाही. मावशीचं "आला" तोंडातच राहिलं. बायको उभी राहिली. मग आम्हाला तो दिसला, गवतापलीकडे, गाड्या दुरुस्तीला थांबतात त्या गल्लीत, हळूहळू आत येताना. माणसं भिंतीवरून उड्या मारून धावली, चारही चाकं काढली, चारही घातली. इंजिनाचं झाकण उघडायला कुणी गेलं नाही. गाडी पुन्हा निघाली आणि ट्रक्सच्या मागे दिसेनाशी झाली.

आम्ही मागे वळून म्हाताऱ्याकडे बघत राहिलो. त्याने डोळे मिटून कान दाबून धरले होते. एक फेरी होऊन गेली. मग त्याने डोळे न उघडता अंगठा वर केला. "चाकच ढिलं होतं. आता सुरळीत पळतेय म्हणतोय."

त्यानंतर शेवटपर्यंत आम्ही त्या अंगठ्यावर जगलो. गाडी ट्रक्सच्या मागे गेली की बायको मागे बघायची, अंगठा वर असायचा, मग ती पुढे बघायची आणि पोपट यायचा. तोपर्यंत बाकीचे त्याच्या दोन फेऱ्या पुढे गेले होते. आम्हाला त्याचं काही नव्हतं. वर बसलेले हजारो लोक एकाएकी उभे राहून ओरडायला लागले, पुढे कुणीतरी कुणालातरी मागे टाकत असावं. आमच्या चौघांच्या माना डावीकडेच होत्या.

रेस संपल्याचा काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा झेंडा हलला. गाड्या गेल्या, गेल्या, आणि बऱ्याच वेळाने, समारंभ संपल्यावर येणाऱ्या पाहुण्यासारखा, पोपट गेला. अंगठा वर. मावशीने टाळ्या वाजवल्या, अगदी पडदा पडल्यावर वाजवतात तशा, उभं राहून.

बायको खाली बसली. म्हाताऱ्याने हेडफोन काढले, टोपी नीट केली आणि इकडेतिकडे बघत विचारलं, "बरं, जिंकलं कोण?"

आमच्या रांगेत कुणालाच माहीत नव्हतं. तो वर्षानुवर्षं एकाच ड्रायव्हरसाठी इथे येत होता आणि अख्खा शेवट त्याने आमच्या पोपटाच्या चॅनेलवर काढला होता. मी धावत वर जाऊन विचारून आलो. त्याचा माणूस जिंकला नव्हता. "मग काही चुकलं नाही," असं म्हणून त्याने मावशीकडे शेवटची पुरी मागितली.

सगळ्या गाड्या आता हळू हळू एक शेवटची फेरी घालत होत्या. पोपट जाळीपुढून गेला, इतका सावकाश की धुळीने माखलेलं त्याचं नाक स्पष्ट दिसलं. बायकोने कान टवकारले आणि मान किंचित तिरकी करून इंजिनाचा आवाज ऐकला, पोपट गॅरेजकडे वळेपर्यंत.

"काय गं?" मी विचारलं.

"काही नाही. छान वाजतंय." तिने पाठपिशवी उचलली. "चला, निघूया लवकर. उद्या मला ऑफिस आहे."

सोमवारबद्दल इतक्या आनंदाने बोलताना मी तिला त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.