आक्काच्या वजनाची जीप

मलकापुरात बबन मिस्त्रींच्या गॅरेजमधून जीप बाहेर काढली तेव्हा मागे खाटेवर आक्का आडवी होती, आणि मी पुढचा रस्ता सोडून आरशात तिचंच तोंड बघत होते. फाटकाजवळचा खड्डा आला. माझा जीव मुठीत. मागची चाकं उतरली, चढली. आक्काच्या कपाळावर आठीसुद्धा पडली नाही.

"गेला व्हय खड्डा?" तिनं विचारलं.

मिस्त्री दारात उभे होते. त्यांनी नुसता हात वर केला.

आक्का माझी थोरली बहीण. आमचं घराणं आटपाडीकडचं, मेंढपाळाचं. मी शिकले, कोरेगावात गुरांच्या दवाखान्यात लागले. आक्का जन्मभर मेंढरांमागं चालली. दिवाळी झाली की माणदेशातून कृष्णाकाठाला यायचं, पावसाळ्याच्या तोंडावर परत फिरायचं. दाजी गेले, मूलबाळ नव्हतं, तरी तिचं चालणं थांबलं नाही. ते थांबवलं आजारानं. तो मणक्यात उतरला, तशी मी तिला कोरेगावला आणली. पुढं डॉक्टरांनी "आता घरीच ठेवा" म्हणून सांगितलं. त्याचा अर्थ आम्हा दोघींनाही कळला.

"मला बिरूकडं न्ये," ती म्हणाली. बिरू आमचा धाकटा भाऊ. मेंढरं आता त्याच्याकडं असतात. "पर समदी डांबरीनं नगं. आपल्या वाटंनं न्ये. एकदाच."

आपली वाट म्हणजे मेंढरांची वाट. ओढे, बांध, उघडा माळ. तिथं रुग्णवाहिका कोण घालणार? माझी जीप गेली असती, पण ती नुसता लोखंडी पेटारा. साध्या खड्ड्याला आक्काच्या तोंडून किंकाळी निघायची. म्हणून मिस्त्रींना गाठलं.

मिस्त्री उसाच्या मुलखातले. मागचं काम म्हटलं की त्यांना ओझंच दिसतं. मी फोनवर "मागं वजन असणार" म्हणाले, तर त्यांनी पाट्यांत (मागच्या चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांत) आणखी पाटे घालून ठेवले. "टनभर टाका ताई, वाकायची न्हाई!"

मी भडकलेच. "अहो, ऊस न्यायचाय का मला? माझी बहीण न्यायचीय. तिला उठून बसवलं तरी ती रडते."

मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "हे आधी सांगायचं न्हाई व्हय?" आणि सगळे पाटे उतरवून टाकले.

नव्यानं सुरुवात झाली. एक्सल धरायला लांब दांडे, त्यांच्यासाठी चासीला वेल्ड केलेले ब्रॅकेट, पाट्यांच्या जागी एका जुन्या मोटारीच्या मऊ गोल स्प्रिंगा. पहिली जोडी ताठ निघाली, दुसरी पार बसली, तिसरी जमली. "ही मऊ स्प्रिंग मापातच लागती," ते म्हणाले. "मागं जेवढं वजन धरलंय तेवढ्यालाच गाडी सरळ. वजन उतरलं की बूड वर."

आक्काला रोज गॅरेजात आणणं शक्य नव्हतं. म्हणून खाटेवर तिच्याऐवजी ज्वारीचं पोतं ठेवून ते माप घेत. हे तिला सांगितलं तर कितीतरी दिवसांनी ती हसली. "पोत्याएवढी तरी ऱ्हायलीय का मी? थोडी जवारी काढाय सांग त्यास्नी." मिस्त्रींनी खरंच काढली.

तर अशी ती जीप. विटा मागं पडेपर्यंत डांबरी धरली, तेवढं आक्कानं चालवून घेतलं. ऊस संपला, बाभळी लागल्या, लांब टेकडीवर पवनचक्क्या दिसू लागल्या, आणि मी चाकं मातीत घातली. मागची ताडपत्री गुंडाळलेली होती. उशाला घोंगडी घेऊन आक्का मागं पळणारा मुलूख बघत होती.

"हितं वाघर लावायचो आमी." वाघर म्हणजे मेंढ्या कोंडायचं दोरीचं जाळं. थोडं पुढं गेल्यावर म्हणाली, "गारा पडल्या तवा ह्याच चिंचंखाली बसलेली मी. कोकरं लुगड्यात घिऊन."

मग एकदम म्हणाली, "सुमे, थांब. खाली कायतरी वाजतंय."

मला काही ऐकू येत नव्हतं. तरी उतरले, जीपखाली शिरले. एका दांड्याचा बोल्ट ढिला झाला होता. पाना लावून आवळला. साडीची पार वाट लागली. "बाय बाय, काय अवतार!" आक्का म्हणाली.

पुढं वाटच बंद. माळावर कालव्याचं पाणी आलंय, त्याबरोबर डाळिंबाच्या बागा आल्या, बागांना तारा आल्या. एक शेतकरी तावातावानं आला. "आवं, कुटं घुसताय? रस्ता हाय का ह्यो?"

"मेंढरांचा हाय," मागून आक्का बोलली.

त्यानं आत डोकावून पाहिलं. खाट पाहिली, घोंगडी पाहिली. आवाज उतरला. "व्हय, आमच्या रानात बसायची मेंढरं. माझा बा खतासाठी बलवून आणायचा." तो स्वतः तारेचं फाटक उघडून बाजूला झाला, आणि आम्ही पार होईपर्यंत ते धरून उभा राहिला.

शेवटचा ओढा. डावं चाक घळीत गेलं, उजवं दगडावर चढलं, खाट मात्र फार हलली नाही. मी आरशात बघितलं. आक्काच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"दुखतंय का गं?"

"न्हाई. त्येच तर."

बिरूचा मुक्काम माळावर होता. त्यानं आणि भावजयीनं खाट तशीच उचलून पालाजवळ ठेवली. मेंढरं आली, वास घेत खाटेभोवती थांबली. भावजयीनं माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ पेज) केलं होतं. आक्कानं दोन घोट घेतले, बोटं एका मेंढीच्या लोकरीत घातली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "मला आता परत नगं नेऊस."

मी चिडले, भांडले, रडले. औषधं कोण देणार, रात्री कळ आली तर काय, सगळं बोलून झालं. बिरू म्हणाला, "मी हाय की गं." शेवटी औषधं भावजयीला समजावून दिली आणि निघाले.

परतीची सगळी वाट डांबरीचीच. मागं कोणी नव्हतं, खाटही नव्हती. बूड वर आल्यामुळं तिन्हीसांजेला दिव्यांचा उजेड बॉनेटपुढं जमिनीतच पडत होता, लांबचं काही दिसेना. मलकापुरात मिस्त्रींनी जीपकडं पाहिलं आणि त्यांना कळलं.

"पाटे परत घालू का ताई?"

"नको," मी म्हणाले. "तिला आणायला जायचंय."

महिना भरायच्या आत बिरूचा फोन आला.

पाटे मी अजून घातलेले नाहीत. मिस्त्रींकडून ते पोतं तेवढं मागून आणलं, थोडी ज्वारी काढलेलं. ते मागं ठेवलं की जीप बऱ्यापैकी सरळ उभी राहते. वाडीवस्तीवर गुरं बघायला जाते, वाटेत खड्डा येतो, आणि मी आरशात बघते.