पाडव्यापर्यंतचा गडी

हे मी घरी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या जिल्ह्याच्या आराखड्यातला एक मुद्दा माझ्या बोलण्यामुळे गळाला, आणि तो मी का गाळायला लावला ते मला बोलताना पक्कं ठाऊक होतं.

मी अकोल्यात सरकारी कचेरीत आहे. विसरत चाललेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी आणि त्यांना सांभाळणाऱ्यांसाठी काय करता येईल, याचा आराखडा आमच्याकडे तयार होत होता. गावातल्या आरोग्य केंद्रात तपासणी, आशाताईंच्या घरभेटी, तालुक्याला दिवसभर बसायची सोय, असं बरंच काही त्यात होतं. आणि एक मुद्दा होता विसाव्याचा. घरच्या माणसाला चार दिवस कुठं जायचं असेल, तर तेवढ्यापुरती शिकवलेली बाई घरी येऊन राहील.

बैठकीत मी हात वर केला. म्हणालो, "साहेब, हे वऱ्हाडात चालणार नाही. माय परक्याच्या हवाली केली म्हणून लोक तोंडात शेण घालतील. माझीच आई आहे ना तशी. घरीच असते, काही अडत नाही."

साहेबांनी मान डोलावली. चहाच्या वेळी एक-दोघांनी माझ्या खांद्यावर हातही ठेवला. मुद्दा गेला.

आई घरीच होती हे खरं. पण ते घर वलगावचं. तिथं तिला वहिनी सांभाळत होती. भाऊ वारल्यावर तिला माहेरी हिवरखेडला जाता आलं असतं, ती गेली नाही. तिची लेकरं नोकरीला लांब. मी सणावारी जायचो, फळं घेऊन, पाहुण्यासारखा. विसाव्याची सोय झाली असती तर कुणीतरी सहज विचारलं असतं, बाहेरची बाई कशाला, धाकटा मुलगा आहे ना? त्या प्रश्नाला मी भीत होतो. आई मला ओळखणार नाही, याला त्याहून जास्त.

मग तुरीच्या दिवसांत वहिनीचा फोन आला. "भाऊजी, माया भाचीचं लगन हाय. मी परवा हिवरखेडले जाऊन राहिली. आता तुमी या."

"एखादी बाई पाहू का?"

"बाई काहून? तुमी मेले काय?"

मी रजा टाकली.

वहिनी पिशवी भरून दारातच उभी होती. "आठवते का, असं इचारू नोका. नाई आठवलं का रडते ते. जेवाले लय तरसवते. हपिसात हुशार म्हनतात ना तुमाले? मंग पाहा जमते का!" एवढं बोलून ती ऑटोत बसली.

आई ओसरीवर सुपात तूर घेऊन बसली होती. जे विचारायचं नव्हतं, त्याच वाटेला मी गेलो. "माय, मी धाकटा."

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "धाकटा अकोल्याले हाय. मोठा साहेब हाय तो. त्याले येळ कुठी हाय?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. कौतुकच होतं. मला मात्र खाली बघावं लागलं.

"तू कोन होय? नवा गडी होय का?"

आमच्याकडे शेतावर पाडवा ते पाडवा, वर्षभरासाठी गडी ठेवायची रीत. घरात गडी होता त्याला आता कितीतरी वर्षं झाली. मी म्हणालो, "हो. नवा गडी."

तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मंग बसला काय? बैलाईले पानी दाखव."

गोठ्यात आता भावाची जुनी मोटरसायकल असते. मी बादली घेऊन गेलो, मोटरसायकलसमोर ठेवली, जरा वेळ उभा राहिलो आणि परत आलो.

"पेले का?"

"पेले."

"पांढऱ्यानं तोंड लावलं? नखरेल हाय तो."

"लावलं. दोघंही पेले."

दुपारी मी भाकरी आणि तुरीच्या दाण्यांची आमटी ताटात वाढून तिच्यापुढे ठेवली. तिनं ताट सरकवलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा सरकवलं. मी घास हातात धरला तर तिनं तोंड फिरवलं. वहिनी रोज हे कसं निभावते, असा विचार करत बसलो होतो, तर आईच म्हणाली, "गडी उपाशी अन् मी खाऊ? जेव आंधी तू."

मग आठवलं. लहानपणी शाळेतून भुकेला यायचो तरी ती आधी गड्याला वाढायची आणि मी चिडायचो. मी ते ताट ओढलं आणि जेवलो. "घे अजून, लाजू नोको," म्हणत ती जवळ बसून बघत राहिली. माझं झाल्यावर तिनं स्वतःहून भाकरी मागितली आणि कुस्करून सगळी खाल्ली.

वहिनी येईपर्यंत आमचं असंच चाललं. मी आधी, मग ती. उठता-बसता हुकूम, कामचुकार म्हणून शिव्या, आणि संध्याकाळी ओसरीवर दोघांनी तूर निवडायची. मुलगा म्हणून इतका निवांत मी तिच्याजवळ कधी बसलो नव्हतो. मला खूप बरं वाटत होतं.

वहिनी परतली ती लग्नाचे लाडू घेऊन, हातावर मेंदी काढून. आईनं तिला सांगितलं, "हा गडी चांगला हाय वं. पाडव्याले सोडू नोको याले."

वहिनी पोट धरून हसली. मग पाणी पिता पिता म्हणाली, "भाऊजी, तिथं मी उन्हं वर येईपर्यंत झोपली. कोनी उठवलंच नाई मले."

पुढच्या बैठकीत मी विसाव्याचा मुद्दा परत घ्या म्हणालो.

साहेब म्हणाले, "तुम्हीच तर नको म्हणाला होता."

"चुकलो. आई घरी असते, पण सांभाळते वहिनी. मी नाही."

मुद्दा परत आला आणि आराखडा वर गेला. मंजूर कधी होईल, कुणास ठाऊक. तोवर दर महिन्याला चार दिवस मी वलगावला असतो आणि वहिनी हिवरखेडला. पाडवा येऊन गेला, आईनं मला सोडलं नाही.

परवा वहिनीनं विचारलं, "सरकार आमच्यासारख्याईसाठी कायतरी करून राहिलं म्हनते. खरं हाय का?" मी नुसतं हो म्हणालो.

तो मुद्दा आधी मीच काढायला लावला होता, हे तिला माहीत नाही. ती वाचणारी बाई आहे. हे छापून तिच्या हाती पडायच्या आत, तिच्यासमोर बसून, ते मला माझ्या तोंडानं सांगायचं आहे. एवढं देणं अजून माझ्याकडे आहे.